शिखरावरचा वारा, माळवदावरचं ऊन

फार फार जुनी गोष्ट. त्या गावात विणकरांची घरं चाळीस होती की बेचाळीस, हे आता नक्की सांगता येत नाही. ज्यांची ही आठवण, ते शास्त्रीबुवाच त्याबाबत कधी ठाम नव्हते.

गाव टेकडीच्या कुशीत होतं. एकदा तिथे एक कारागीर दोन नवलाच्या वस्तू घेऊन आला. एक लाकडी चाक होतं. ते वाऱ्यावर फिरलं की घागरीत उजेड साठे. दुसरी काळी फरशी. ती उन्हात ठेवली की तिच्याही घागरीत तसाच उजेड साठे. दिवस मावळल्यावर त्या उजेडात माग चालवता येणार होते. चाकाला एक अख्खा साग लागे; फरशीसाठी कारागीर महिनाभर विणलेलं कापड मागे.

"चाकच परवडेल. साग आपल्याच राईतले," पाटील म्हणाले. "पण शास्त्रीबुवा, तुम्ही एवढे शिकलेले. तुम्ही सांगाल तसं."

बुवांनी देवळाच्या शिखरावर चाक लावून पाहिलं. चार दिवसांत चार घागरी भरल्या. त्यांनी होकार दिला. राईत कुऱ्हाडी पोचल्या, पण बुवांची शंका काही जाईना. ते शेजारच्या ठकूआक्काकडे गेले. ती मागावर बसली होती.

"आक्का, माझं चुकलं तर नसेल?"

"शिखरावर देव राहतो, बुवा. त्याला कुठं लुगडी विणायचीत?" आक्का हसली. "माझ्या माळवदावर सूत वाळत घालते मी. टेकडीआड वारा येतच नाही. आला तर भिंतींवर आपटून गरगरतो, अन् सुताचा गुंता करून जातो."

बुवा धावतच राईत गेले. पहिला साग आडवा झाला होता.

"थांबा! मी चुकीच्या जागी मोजलं."

"पोथी पालटली वाटतं!" कुणीतरी खिजवलं. बुवांचे कान लाल झाले, पण ते झाडांसमोरून हलले नाहीत.

मग आठ दिवस ते आक्काच्या माळवदावर बसून राहिले. चाकाने कशीबशी एक घागर भरली, वर त्याचा आस खिळखिळा झाला. फरशीने सात भरल्या; एक दिवस ढगाळ होता.

घरोघर फरशा बसल्या, राई वाचली. पडलेल्या सागाचं चाक टेकडीवर उभं राहिलं. पावसाळ्यात फरशा रुसल्या की ते गावाला पुरवठा करी.

वीस वर्षांनी बुवा काठी टेकत पुन्हा आक्काच्या माळवदावर चढले आणि त्यांनी घागर मापली. फरशी अजून दिवसाला पाऊण घागरीहून अधिक भरत होती. टेकडीवरच्या चाकाचे तोवर तीन आस बदलले होते.

तात्पर्य : जिथे वापरायचं तिथेच मोजावं, आणि चूक कळताच ती चारचौघांत कबूल करावी.