एकदाच घसरलेली ट्रॉली

“...आणि मग?” डोंगरावरच्या मठात बसलेल्या बुवांनी विचारलं.

“मग काय! मशीन बंद केलं, परत चालू केलं. ट्रॉली सुतासारखी सरळ!” मिहीर सबनीस हसला. “आमच्या धंद्यातला रामबाण उपाय आहे हा, बुवा. संसाराला लागू पडत नाही, एवढंच.”

बुवा हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मिहीरने तो घटाघटा रिकामा केला. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता आणि धाप काही केल्या थांबत नव्हती.

“पायऱ्यांनी आलास?”

“व्यायाम हो! पोट सुटलंय.”

हा मिहीर हुशार, त्यात वादच नाही. पण हुशारी सदा जिभेवर घेऊन फिरणारा. देवीच्या डोंगरावर रोपवे झाला, आणि ट्रॉली केव्हा सोडायची, किती वेगाने न्यायची, ब्रेक कधी लावायचा, हे संगणकाला शिकवणारा प्रोग्रॅम यानेच लिहिलेला. उद्या सकाळी उद्घाटन. पहिल्या ट्रॉलीत हेच मठातले निरंजनबुवा बसणार होते, आणि त्यांच्यासोबत पायथ्याच्या वाडीतल्या म्हाताऱ्या. गुडघे गेल्यापासून त्या बिचाऱ्यांना देवीचं दर्शन नव्हतं. त्यांनी म्हणे आजच लुगडी धुऊन वाळत घातली होती.

“घसरली म्हणजे किती?”

“थोडी... दोन खांबांच्या मध्ये. रिकामीच होती. ब्रेक लागायला जरा उशीर झाला.”

“कशानं?”

“साहेबांनीही हेच विचारलं! मी म्हटलं, अवकाशातून एक किरण आला, संगणकाच्या चिपवर आदळला आणि तिथल्या एकाचा शून्य करून गेला. त्याच सुमारास बातमी होती तशी. सगळे पोट धरून हसले. विषय मिटला.”

“बातमी खरी होती?”

“अगदी खरी. शास्त्रज्ञांनीच सांगितलंय.”

“आणि तुझा किरण?”

मिहीरने तांब्या तोंडाला लावला. तो कधीच रिकामा झाला होता.

“पुन्हा घडवून दाखवता आला, तरच आम्ही त्याला दोष म्हणतो, बुवा. रीतच आहे तशी. नंतर किती वेळा चालवली, एकदाही घसरली नाही. मग कागदावर दोष नाहीच.”

“कागदावर नाही...”

अंगणावरून सावली सरकली. चाचणीची रिकामी ट्रॉली वर येत होती. तार करकरली. मिहीरने वर पाहिलंच नाही. गेले कित्येक दिवस त्याचं हे असंच चाललं होतं. चारचौघांत विनोद करायचा आणि एकटा पडला की ती करकर ऐकायची. आज तर त्याला दरीकडे तोंड करून बसवतही नव्हतं.

बुवा उठले. त्यांनी काठी घेतली, खांद्यावर उपरणं टाकलं.

“कुठे निघालात?”

“खाली. वाडीतच मुक्काम करीन म्हणतो. ट्रॉली आलीच आहे, चल, बसू दोघे.”

“आत्ता?”

“का रे? उद्या बसायचं ते आज बसू.”

बुवा अंगणाला लागूनच असलेल्या फलाटाकडे चालू लागले. ट्रॉलीचं दार आपोआप उघडलं. बुवांनी एक पाय आत ठेवला, आणि मिहीर अनवाणीच धावला. त्याने मागून त्यांचं उपरणं घट्ट धरलं.

“नको, बुवा! पाया पडतो तुमच्या... नका बसू.”

“किरण येईल?”

“किरण-बिरण काही नाही हो! मला ठाऊकच नाही ब्रेक वेळेवर का लागला नाही. थट्टा केली, सगळे हसले, आणि मग खरं बोलायला तोंडच उरलं नाही.” उपरणं अजून त्याच्या मुठीतच होतं. “रोज कोड वाचतो. सापडत नाही. मला भीती वाटते, बुवा. फार भीती वाटते.”

बुवांनी पाय बाहेर घेतला. दार आपोआप मिटलं. ट्रॉली रिकामीच खाली निघाली. ती पहिल्या खांबापलीकडे गेली.

“उद्याचं थांबव.”

“कसं थांबवू? मंत्री येणार, मंडप घातलाय. साहेब विचारतील, दोष दाखव. काय दाखवू? दाखवायला काहीच नाही माझ्याकडे! भीती वाटते म्हणून थांबवा, म्हणू? हसतील... नोकरी जाईल.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मठाच्या उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या त्याच्या बुटांकडे पाहिलं. पायऱ्यांवरची तांबडी धूळ त्यांच्यावर तशीच बसली होती.

“तू आलास तेव्हा ही ट्रॉली खालीच उभी होती ना?”

“...होती.”

बुवांनी त्याच्या खिशातला फोन काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

“एवढंच सांग त्यांना,” ते म्हणाले, “मी पायऱ्यांनी आलो.”