अस्वलबुवांचा देव

फार जुन्या काळी करवंदीच्या रानात अस्वलबुवा एका शेंदूर फासलेल्या धोंड्याची पूजा करत. कुणाचं पिल्लू तापानं फणफणलं, कुणाचा पाय मोडला, की जनावरं मध आणि फळं घेऊन धोंड्यापुढे नाक घासायला येत. बुवांचं पोट छान सुटलं होतं.

पुढे रानाचा राजा गवा, त्यानं हुकूम काढला की आजाऱ्याला औषध आणि म्हाताऱ्याला चारा सरकारातून मिळेल. झाडपाला जाणणारी साळुंकी कामाला लागली. पिल्लं बरी होऊ लागली आणि धोंड्यापुढची गर्दी ओसरली.

"श्रद्धा बुडाली," म्हणत बुवा उपाशी बसून राहिले. रानात एखादी साथ यावी म्हणून त्यांनी धोंड्याला नवससुद्धा केला.

एका सकाळी म्हातारी कासवीण आली आणि मान झुकवून शांत बसली. बुवा हरखले.

"काय दुखतंय, आजी?"

"गुडघे दुखायचे. साळुंकीच्या पाल्यानं थांबले."

"मग मागणं काय आहे?"

"काही नाही बाबा. मागायचं उरलं नाही, म्हणून देवाला नुसतं भेटायला आले."

बुवांचा चेहरा उतरला.

"मग जरा बाजूला बसा, आजी," ते म्हणाले. "खऱ्या भक्तांची वाट अडते."