अर्ध्या बंद प्रोसेसरचा भाव

हिंजवडीतल्या एका कंपनीचे मालक सरपोतदार एकच प्रोसेसर दोन वेगवेगळ्या दरांनी विकत. स्वस्तातल्या प्रोसेसरचा अर्धा भाग ते मुद्दाम बंद ठेवत आणि गिऱ्हाइकाने दुप्पट पैसे भरले की तो उघडून देत.

त्यांच्या इंजिनिअर रेवती गद्रे यांचा पगार कित्येक वर्षं वाढला नव्हता. शेवटी त्यांनी भर बैठकीत दुप्पट पगार मागितला.

सरपोतदार हसले. “बाई त्याच, डोकं तेच. मग दुप्पट पैसे कशाचे?”

“डोकं तेच आहे, सर,” रेवती शांतपणे म्हणाल्या, “पण तुम्ही स्वस्तातलं घेतलंय. अर्धं बंद आहे.”

बैठकीत हशा पिकला. सरपोतदारांनी घसा खाकरला. “आणि उघडायचं झालं तर?”

“तुमचाच दर लावते.”

पुढच्या महिन्यापासून रेवतींचा पगार दुप्पट झाला.