कोवळीच्या दारातले तीन निरोपे

एका शेळीचा पाय मोडला, तेव्हाची ही गोष्ट. त्या हाडाच्या पोकळीत कोवळी नावाची एक पेशी राहायची. आपण काय व्हायचं, हे तिचं अजून ठरलं नव्हतं, आणि एकदा झालं की तिथे माघार नसते.

तीन निरोपे एकदमच दारात आले.

"चरबी हो, आरामात राहशील," पहिला म्हणाला.

"आहेस तशीच राहा, घाई कसली?" दुसरा म्हणाला.

तिसरा एवढंच म्हणाला, "हाड हो."

कोवळी पार गोंधळली. तिने भिंतीतल्या जुन्या हाडपेशीला विचारलं, "काकी, कुणाचं ऐकू? हाड झाले तर तुझ्यासारखी जन्मभर भिंतीत अडकेन."

"अडकशील खरी," काकी म्हणाली. "पण तिघांचे पाय बघ."

दोघांचे पाय स्वच्छ होते. तिसऱ्याचे मोडल्या हाडाच्या भुग्याने माखले होते.

काही आठवड्यांनी शेळी उठली, आणि तिच्या भारातला आपला वाटा हाड होऊन भिंतीत बसलेल्या कोवळीने अंगावर घेतला.