काळ्या काठाची माशी

माईंच्या वहीत एक तरी नाव माझ्या हातानं लिहीपर्यंत गोड खायचं नाही, असा मी चातुर्मासात नेम धरला होता. दिवाळी उलटली, तरी वही त्यांच्याच मांडीवर होती.

“मग? ही कोण?”

माईंनी तळहात पुढं केला. त्यावर एक मेलेली माशी होती.

मठात येण्याआधी माई कॉलेजात कीटकशास्त्र शिकवत. पठारावरच्या माश्यांची वही त्यांनीच सुरू केली होती. तिच्यात लिहायचं ते अचूक ओळखणाऱ्यानंच. आणि मारायचं नाही... खिडकीत मेलेली सापडेल तीच उचलायची.

“मधमाशी नाही,” मी म्हटलं.

“दिसते तर तशीच.”

“पंख दोनच आहेत, माई. मधमाशीला चार. आणि सोंड सुईसारखी सरळ पुढं, मिटत नाही.”

“बरं. मधमाशीचं सोंग घेतलेली माशी. त्यातली कोणती?”

मी भिंगसुद्धा उचललं नाही. अंगभर सोनेरी लव चमकत होती.

“सोनकेशी!”

“नक्की?”

“डोळे मिटून सांगते.”

“तसंच सांगितलंस.”

कोपऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या मंजुळाकाकू खुदकन हसल्या.

माईंनी अंगठा ओला केला आणि माशीच्या पाठीवरून हलकेच फिरवला. एकदा... दोनदा... आधी फुलांचे पिवळे परागकण निघाले, मग लवही निघाली. उरलं ते काळं, टकलं अंग.

“अगंबाई! माशीचं जावळ काढलं की हो!” काकू म्हणाल्या.

“आता कोण?” माईंनी विचारलं.

ज्याच्या जिवावर मी बोलले, ते सगळं माईंच्या अंगठ्याला लागलं होतं.

“सोनकेशी म्हणालीस ना, अनसूया? लिही मग.”

त्यांनी वही पुढं सरकवली. इतक्या महिन्यांचा नेम... एका शब्दात पुरा झाला असता.

“नको,” मी म्हटलं. “चुकलं असेल माझं. मी बघितलंच नाही नीट.”

मनातल्या मनात कुलस्वामिनीचं नाव घेतलं आणि भिंग उचललं. चिमट्यानं पंख उजेडात धरला. पुढच्या कडेला काळा पट्टा होता, लुगड्याच्या काठासारखा. सोनकेशीचा काठ आत विरत जातो, पाण्यात शाई सोडावी तसा. हा विरत नव्हता. नागमोडी वळण घेऊन एकदम थांबत होता, कात्रीनं कापल्यासारखा.

दुसरा पंख पाहिला. तोच काठ!

“काळकाठी आहे, माई.”

“काळकाठी पांढऱ्या केसांची असते. हिला तर केसच नाहीत.”

“नसू देत. सोनेरी रंग परागांचा होता, काठ हिचा स्वतःचा आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

माईंनी पेन माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं. नाव कागदावर बसलं. काकूंनी सूपच वाजवलं. “जिंकलीस गं बये!”

मी नमस्काराला वाकले. माईंनी मला मध्येच धरून उठवलं. खिडकीतून दुसरी मेलेली माशी आणून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

“अंगठा ओला कर,” त्या म्हणाल्या. “आता मला विचार.”