पोटातली टकटक

फोनवर लग्नं टिपली जात नव्हती तेव्हा हेमलताबाईंच्या कपाटात दोन कॅमेरे राहत. एक म्हातारा टेपवाला, एक नवा हार्डडिस्कवाला.

“आजोबा, तुमची टेप सारखी बदलावी लागते. माझ्या पोटात सगळं मावतं. वारलेल्या साहेबांचा आवाजसुद्धा!”

“माझ्या टेपा ट्रंकेत सुखरूप आहेत. तुझ्या पोटातलं कुणी दुसरीकडे उतरवून ठेवलंय का रे?” म्हाताऱ्याला काळजी वाटली. नवा हसला.

लेकीच्या लग्नात बाईंनी नव्याला उंचावर, स्पीकरवर ठेवलं. बँड दणाणला, स्पीकर हादरला आणि नवा खाली आपटला. बाईंनी पुसून त्याला कपाटात ठेवलं.

“आजोबा, पोटात टकटक होतेय. साहेबांचा आवाज सापडत नाही!”

बाहेर बाई लेकीला निरोप देत होत्या, “रडू नकोस. बाबांचा आवाज आहे ना कॅमेऱ्यात. आठवण आली की ऐकू.”