निळीची चव

ज्या काळी नीळ आपल्याच शेतात पिकत होती आणि कापड घरोघरी रंगत होते, त्या काळी केरोबा महाराजांचा मुक्काम कासवी नदीकाठच्या निमसडे गावी होता. गावाबाहेर चिंचेखाली त्यांची झोपडी होती. निमसडे म्हणजे रंगाऱ्यांचे गाव, आणि इथली नीळ अशी की धोतर झिजून फाटेल, पण रंग जाणार नाही! दूरच्या पेठेतले व्यापारी कापड नुसते नाकाशी धरून सांगत, "हे निमसड्याचे." असा हुन्नर लाभलेल्या गावाने ताठ मानेने का चालू नये? चालावेच. पण मान ताठ असणे वेगळे आणि ती वळतच नसणे वेगळे. धोंडशेट निळारी यांची मान वळत नसे.

धोंडशेटांच्या घरी जमिनीत पुरलेले नऊ मोठे रांजण होते. निळीचा रांजण जिवंत असतो, हे रंगाऱ्यांना सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगतो. नीळ, गूळ, टाकळ्याचे उकडलेले बी आणि चुना घातला की तो आंबू लागतो, फेस धरतो. त्याचे पोट बिघडले तर तो मरतोही. त्याची तब्येत रंगारी थेंबभर पाणी जिभेवर घेऊन ओळखतो. चुना कमी पडला तर चव आंबट, जास्त झाला तर जीभ पोळते. धोंडशेटांच्या जिभेला पंचक्रोशीत तोड नव्हती. मात्र चुना घालायची वेळ झाली की ते गड्यांना बाहेर काढून दार लावून घेत. थोरला मुलगा गणोजी दोन लेकरांचा बाप झाला होता, पण तोही अंगणातच उभा राही.

त्याच गल्लीच्या टोकाला लखमाई राहत असे. तिचा नवरा रंगारी होता. तो गेल्यावर तिच्याकडे एकच लहान रांजण उरला. महाराजांवर तिची फार श्रद्धा. जो विचारेल त्याला ती हा धंदा शिकवी, आणि शेजारणीला विरजण द्यावे तसे आपल्या रांजणातले तांब्याभर पाणीही देई. त्या पाण्याने नवा रांजण लवकर जिवंत होतो. गावच्याच वाड्यावस्त्यांतल्या सात बाया तिच्या हाताखाली तयार झाल्या होत्या.

हे धोंडशेटांना कसे सोसावे? एकदा चावडीवर सगळ्यांदेखत ते म्हणाले, "का गं लखमाई, गोवऱ्या वाटतीस का इद्या वाटतीस? तुज्या नवऱ्यानं जन्मभर जीभ पोळून घेतली आन् तू ती तांब्यात घालून गावभर फिरवतीस!"

लोक हसले. लखमाई खाली मान घालून म्हणाली, "दिल्यानं माझा रांजण काय आटला न्हाई, भावजी."

"आटंल कसा? आता फुटंलच!" असे म्हणून धोंडशेटांनी पंचांकडून ठराव करून घेतला, की निळाईदेवीची जत्रा पार पडली की दुसऱ्या दिवशी लखमाईचा रांजण फोडायचा. पंचांनी माना डोलावल्या. पंचांना त्याखेरीज दुसरे काम तरी काय असते!

लखमाई रडत महाराजांकडे गेली. सगळे ऐकून महाराज म्हणाले, "मग आता काय करणार?"

ती डोळे पुसून म्हणाली, "फुटंस्तवर शिकवणार. आठवी बाई सोमवारी यायची हाय."

महाराजांना केवढा आनंद झाला! "येऊ दे, येऊ दे," ते म्हणाले, आणि काठी घेऊन तडक धोंडशेटांच्या दारी गेले.

धोंडशेटांनी त्यांना बसायला घोंगडी दिली, पण ऐकून घेतले नाही. "महाराज, तुमी देवाचं बोला. धंद्याचं मला ठावं हाय. उद्या कुनीबी कच्चा रंग इकंल आन् नाव निमसड्याचं जाईल. माज्या आज्यानं कमावल्यालं नाव हाय त्ये."

महाराज म्हणाले, "ही भीती खोटी नाही. अर्धवट शिकलेला माणूस धंदा बुडवतो. म्हणून तर पुरते शिकवावे. धोंडशेट, दडवलेली विद्या चोर नेत नाही, पण मरण नेते."

"मी येवढ्यात मरत न्हाई," धोंडशेट हसून म्हणाले. महाराजही हसले आणि उठून निघाले.

पुढे आठच दिवसांत धोंडशेटांना ताप चढला. पाचव्या दिवशी तो उतरला, पण जाताना त्यांच्या जिभेची चव घेऊन गेला. भाकरी आणि माती, दोन्ही सारखीच! ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कळू दिली नाही. तशाच जिभेने ते रांजणांकडे गेले. थेंब घेतला, काहीच लागले नाही. चुना कमी असावा असे समजून त्यांनी आणखी घातला. पुन्हा थेंब, पुन्हा चुना. तिसऱ्या दिवशी नऊच्या नऊ रांजणांचा फेस बसला आणि पाणी राखेसारखे करडे पडले.

आणि जत्रा दोन दिवसांवर आलेली! जत्रेत देवीवर चाळीस हातांचा निळा चांदवा धरतात. तो रंगवण्याचा मान धोंडशेटांच्या घराण्याचा. चार पिढ्यांत तो कधी चुकला नव्हता. गणोजी बापाला म्हणाला, "दादा, काय घालायचं त्ये सांगा, मी घालतो." पण इतकी वर्षे जे लपवले ते धोंडशेटांना मुलालाही सांगवेना! अखेर ते चिंचेखाली जाऊन महाराजांसमोर मटकन बसले. "महाराज, येवढी चव परत द्या. चांदवा चुकला तर मी गावात तोंड कसं दावू?"

महाराज म्हणाले, "चला. वाटेत लखमाईला हाक मारू."

रांजण मेल्याचे कळताच लखमाईने तांब्या भरला आणि आपल्या सातीजणींकडे निरोप धाडला. सूर्य डोक्यावर यायच्या आत आठ बाया आठ तांबे घेऊन धोंडशेटांच्या अंगणात हजर! ज्यांचा धंदा बंद पाडायला हे गृहस्थ निघाले होते, त्याच या बाया. रागाने एकीचाही हात आखडला नाही. माझ्या निमसड्याच्या लेकी त्या. त्यांचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

तांबे रांजणांत ओतले. लखमाई म्हणाली, "महाराज, आमचे रांजण लहान. येवढ्या मोठ्याला कसं जगवायचं त्ये भावजींनाच ठावं."

महाराज धोंडशेटांना म्हणाले, "सांगा. मोठ्याने सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असे."

धोंडशेट घुटमळले. मग हळूच म्हणाले, "टाकळ्याचं बी उकडून पानी गाळायचं न्हाई. बियांसकट घालायचं, हाताला सोसंल येवढं कोमट." आणि ते एकदम दचकले. तोंडात टाकळ्याचा कडूपणा आला होता! त्यांनी महाराजांकडे पाहिले. महाराज नुसते मान हलवत होते.

मग धोंडशेटांना धीर आला. गूळ जुना घ्यावा, पाटाच्या पाण्यात विरघळवावा, थंडीत रांजणाभोवती कडबा रचावा, असे ते भराभर सांगत सुटले. जिभेवर गोडवा आला, आंबट आले. बाया कान देऊन ऐकत होत्या आणि गणोजी तर बापाच्या तोंडाकडे पाहतच राहिला. पण चुन्यापाशी येऊन धोंडशेट थांबले आणि त्यांनी हात जोडले. "येवढं ऱ्हाऊ द्या, महाराज. ह्ये माज्या आज्याचं हाय."

"राहू द्या," महाराज शांतपणे म्हणाले. "मग चुन्याची चवही आजोबांकडेच राहील."

धोंडशेटांच्या डोळ्यांना धारा लागल्या. आजोबा गेले तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. आजोबांनी कानात सांगितलेले ते शब्द पन्नास वर्षांनी त्यांनी प्रथमच मोठ्याने उच्चारले. "चुना मुठीनं घालायचाच न्हाई. त्याची निवळी घालायची. फेसावर तांबूस झाक आली म्हंजी एक पळी. मग ढवळायचा हात थांबवायचा आन् रांजणाला कान लावायचा. आत बारीक चुरचुर बंद झाली, तरच दुसरी पळी." आणि त्याच क्षणी चुन्याने त्यांची जीभ चांगलीच पोळली. "आई गं!" असे ओरडून ते लहान मुलासारखे हसू लागले.

एरवी मेलेला रांजण उठायला चार-पाच दिवस लागतात. महाराजांनी बाही सारून पहिल्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून नामस्मरण मांडले. गणोजीने कान लावला. "दादा, चुरचुरतंय!" तो ओरडला. एकामागून एक नऊ रांजणांवर तांबूस फेस चढला! हे कसे घडले ते मला विचारू नका. मी रंगारी आहे. मला चार-पाच दिवस माहीत आहेत, आणि त्या दिवशी दोन घटका लागल्या.

दुसऱ्या दिवशी चांदवा बुडवला. बाहेर काढला तेव्हा तो नेहमीसारखा पिवळट हिरवा होता. आठ बायांनी आणि बापलेकांनी तो वाऱ्यावर धरला, आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत त्यावर निळाई चढत गेली. म्हातारे रंगारी म्हणाले, असा रंग चार पिढ्यांत उतरला नव्हता.

जत्रेत चांदवा देवीवर धरला गेला तेव्हा धोंडशेट गर्दीतून पुढे आले आणि महाराजांच्या पायांवर वाकले. महाराज दोन पावले मागे सरले. "इथे नको," ते म्हणाले, "मी फक्त हात बुडवला. तांब्या कोणी दिला?"

धोंडशेट वळले आणि पंचांसमोर, गावासमोर, त्यांनी लखमाईच्या पायांवर डोके ठेवले. ती बिचारी अवघडून गेली. "उठा भावजी, ह्ये काय! मोठ्या रांजणाचं मला अजून नीट जमत न्हाई. उद्या सकाळी शिकाया येऊ का?"

धोंडशेटांनी डोके उचलले नाही. तसेच म्हणाले, "एकल्या येऊ नका, वयनी. सातीजणींना आना. आन् ती आठवी सोमवारपास्नं तुमच्याकडं शिकतीय म्हनत्यात, तिलाबी."

हात रंगात असतील तर मनानेच जोडा. केरोबा महाराजांना तेही पोचतात.